पट्टी धरणारी

चर्चच्या दाराशेजारच्या फळ्यावर चिठ्ठी होती : ‘की-होल्डर हवा आहे. दोन दिवस. चहा-बिस्किटं मिळतील.’ मला वाटलं, किल्ल्या सांभाळायला माणूस हवाय. मी समोरच राहते, घरूनच काम करते, एक जुडगा खुंटीला अडकवून ठेवायला आपलं काय जातंय, असा विचार करून व्हिकरबाईंना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, निरोप धाडला. सोमवारी सकाळी नऊला गेले तर त्यांनी मला एका घोटीव लाकडी बाकावर नेऊन बसवलं. समोर पट्ट्यांच्या दोन ओळी, एकीवर एक. पायांशी तिसरी, लाकडी दांड्यांची. डोक्यावर दुमजली घराएवढं कपाट, आणि त्या कपाटाच्या आत कोणीतरी खोकत होतं.

“तो ‘नेक्स्ट’ म्हणाला की पुढची दाबायची,” बाई म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

की म्हणजे किल्ली नव्हे, पट्टी. पाइप ऑर्गन लावणारा माणूस आत पाइपांच्या गर्दीत उभा असतो. बाहेर पट्टी दाबल्याशिवाय आतला पाइप वाजत नाही, म्हणून बाकावर बसून पट्टी धरणारं कोणीतरी लागतं. पूर्वी ट्यूनरबरोबर शिकाऊ पोरगा असायचा. आता पोरगे मिळत नाहीत, म्हणून फळ्यावर चिठ्ठी.

मी मूळची मिरजेची. सतार-तंबोऱ्यांसाठी आमचं गाव सगळ्यांना ठाऊक आहे. बाबांचं दुकान मात्र पेटीदुरुस्तीचं. शाळेतून आले की दप्तर टाकून मी बाबांसमोर बसायचे आणि ते सांगतील ती पट्टी दाबायचे. म्हणजे हे काम मी वयाच्या आठव्या वर्षीच केलेलं होतं, फक्त तेव्हा बिस्किटं मिळत नव्हती. ऑर्गन हा शब्दही परका नव्हता. नाट्यसंगीताच्या साथीला असतो तो, पायाने भाता मारायचा, तसली एखादी पायपेटी वर्षा-दोन वर्षांनी दुकानात यायचीच. चर्चमधला ऑर्गन म्हणजे तीच, पण फुगवलेली, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. ती पहिल्या तासाभरातच मोडली.

चर्च पूर्व लंडनमधलं, व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. नाव लिहीत नाही, कारण पैशांवरून तिथे जे झालं ते अजून पुरतं निवलेलं नाही. विटांची इमारत, आत काळवंडलेले दगडी खांब, उत्तरेकडच्या भिंतीवर ओलीचा मोठा नकाशा. रविवारी तीस-पस्तीस माणसं. ऑर्गन १८७०च्या दशकातला : दोन मॅन्युअल, म्हणजे हातानं वाजवायच्या पट्ट्यांच्या ओळी, २२ स्टॉप, म्हणजे खुंटी ओढून चालू करायचे पाइपांचे संच, आणि बाराशेच्या वर पाइप. बाहेरून दिसतात ते निळ्या-सोनेरी नक्षीचे पंचवीस-तीसच, आणि त्यातले काही तर नुसते शोभेचे, त्यांना वाराच जात नाही.

ट्यूनर सत्तरीचे. मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणू लागले, तेच इथेही म्हणते. काकांनी आल्या आल्या पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर थर्मामीटर. तो ऑर्गनच्या आत खिळ्याला टांगलेला असतो. सोळा अंश होतं. “हीटिंग कधी लावलं?” आज सकाळी, असं बाईंनी सांगितल्यावर त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, थर्मासमधून चहा ओतला आणि तासभर बाकड्यावर बसून राहिले. मला वाटलं, रुसले.

रुसले नव्हते. आमच्या पेटीत सूर म्हणजे पितळेची पाती. ती खाचेत आरपार हलते आणि वाजते. मे महिना असो की डिसेंबर, तिचा सूर कानाला कळेल इतका बदलत नाही. सूर पितळेत असतो, असं बाबा म्हणायचे. पाइपात मात्र तसं काही हलत नाही. पाइपाच्या तोंडाशी फट असते, तिच्यातून वाऱ्याची पातळ चादर धारेवर आदळते आणि आतली हवा थरथरू लागते, बासरीसारखी. वाजते ती हवा. आणि हवा तापली की तिच्यातून आवाज भरभर जातो, म्हणून सूर चढतो. एका अंशाला सुमारे ३ सेंट. दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरलं, तर दहा अंशांत सूर जवळजवळ तिसरा हिस्सा सरकतो. सोळा अंशांवर लावलेला ऑर्गन रविवारी एकोणीस अंशांवर वाजणार असेल, तर लावून उपयोग काय?

बरं, सगळा ऑर्गन एकदम चढला असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण त्याच कपाटात ट्रम्पेट, ओबो अशा नावांचे पाइप असतात. त्यांच्या बुडाशी पितळेची जीभ असते. पेटीतली पाती खाचेतून आरपार जाते, ही जीभ खाचेवर आपटते, एवढा फरक. पण पितळ ते पितळच. ते थंडी-उन्हाला फारशी दाद देत नाही. म्हणजे चर्च गरम झालं की हजारभर पाइप वर सरकतात आणि हे शे-दीडशे जिभेवाले जागच्या जागी राहतात. जिभेवाले थोडे, म्हणून दर वेळी त्यांनाच ओढून बाकीच्यांच्या जवळ आणायचं. प्रत्येक जिभेवर एक वाकडी तार दाबून बसवलेली असते. ती खाली ठोकली की हलणारा भाग आखूड होतो, सूर चढतो. वर ठोकली की उतरतो. बाबा पातीच्या टोकाला कानस मारून सूर चढवतात आणि बुडाशी खरवडून उतरवतात. इथे खरवडणं नाही, नुसती टुक-टुक. मला वाटतं, पातीनं हे पाहिलं असतं तर तिला हेवा वाटला असता.

काम मात्र कंटाळवाणं. पट्टी दाबायची, धरून ठेवायची, ‘नेक्स्ट’ आलं की सोडून पुढची. बोट थरथरता कामा नये, अर्धवट दाबता कामा नये. दोन स्टॉप ओढलेले असतात, एक आधी लावून ठेवलेला, ‘चार फुटी प्रिन्सिपल’ नावाचा, दुसरा लावायचा. दोन सूर जवळ असतात पण एक नसतात, तेव्हा हवेत लाटा उठतात, वांव-वांव-वांव. आत टुक-टुक होते, लाट संथ होते, वांऽऽव, वांऽऽऽऽव, आणि मग एका क्षणी काहीच नाही, एकच सूर सरळ रेघेसारखा. बाबा लाट ऐकू येत असेतो म्हणायचे, “पाणी हलतंय अजून.” पहिल्या दिवशी तिसाव्या की चाळिसाव्या पट्टीला मी नकळत तेच पुटपुटले, मराठीत. आतून ओरड आली, “गुणगुणतंय कोण?”

गुणगुणायचं नाही. खुर्ची सरकवायची नाही. रस्त्यावरून बस गेली की दोघांनी थांबायचं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत काकांनी मला आत नेलं. बाजूच्या छोट्या दारातून वाकून शिरायचं, पुढे एका पावलाएवढ्या फळीवरून चालायचं, आणि दोन्ही बाजूंना पाइपच पाइप. मोठे लाकडी, चौकोनी, ओळीनं उभ्या केलेल्या पेट्यांसारखे. मधले शिसं-कथिलाचे, करडे, त्यावर माशाच्या खवल्यांसारखे ठिपके. आणि टोकाला इवलेसे, शिसपेन्सिलीहून बारीक, त्यातला वाजणारा भाग जेमतेम इंचभर. स्टॉपवर आकडे असतात : १६, ८, ४, २. ते फूट. आठ म्हणजे त्या ओळीतला सगळ्यात खालचा पाइप आठ फुटी, आणि पट्टी दाबली की तिच्या नावाचाच सूर येतो. सोळा एक सप्तक खाली, चार एक सप्तक वर. मी म्हटलं, हे तर आमचं खर्ज, नर आणि मादी. काकांना मी या शब्दांचा अर्थ सांगितला तर ते इतके हसले की एक पाइप हादरला.

कुठल्याही पाइपाला उघड्या हातानं धरायचं नाही, हेही तेव्हाच कळलं. हाताच्या ऊबेनं आतली हवा तापते आणि सूर सरकतो. माणूस आत अर्धा तास उभा राहिला तरी तेच होतं. म्हणून काका मधूनमधून बाहेर येऊन उगाच उभे राहत.

आणि मग माझी ओढणी. मी खाली वाकून पाहत होते. पट्टीपासून वरच्या झडपांपर्यंत लाकडाच्या लांबच लांब चिपट्या ताणलेल्या असतात, बोटाएवढ्या रुंदही नाहीत आणि पोस्टकार्डाहून थोड्याच जाड. पट्टी दाबली की चिपटी ओढली जाते, झडप उघडते, वारा पाइपात शिरतो. वीज नाही, बोटापासून झडपेपर्यंत नुसतं लाकूड आणि तार. मी सरळ उभी राहिले तेव्हा ओढणीचं टोक त्यात अडकलेलं होतं. कट् असा अगदी बारीक आवाज आला. काका काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं, मोडलेली दोन टोकं एकमेकांवर ठेवली, सरस लावला, दोऱ्यानं करकचून गुंडाळलं. “हे आता शंभर वर्षं राहील,” ते म्हणाले, आणि मग, “उद्या ते गळ्यातलं घरी ठेवा.”

असे वर्षातून दोनदा, नाताळाच्या आधी आणि ईस्टरच्या आधी, मी पट्ट्या धरत राहिले. तिसऱ्या वर्षी काकांनी ऑर्गनला दमा झाल्याचं सांगितलं. ते मलाही ऐकू येत होतं : मोठं गाणं सुरू झालं, सगळे स्टॉप ओढले, की शेवटच्या ओळीला सूर खचायचा, जिना चढलेल्या माणसासारखा. वारा पुरत नव्हता. ऑर्गनचा वारा फार थोड्या दाबाचा असतो. काचेची वाकडी नळी असते, तिच्यात पाणी, आणि वाऱ्यानं पाणी किती चढतं ते इंचात मोजायचं. आमच्याकडे साधारण तीन इंच. ते मोठ्या भात्यावर ठेवलेल्या लोखंडी वजनांनी कायम राखलं जातं. सगळे स्टॉप ओढले की आमचं पाणी दोनवर यायचं. भात्याचं कातडं गेलं होतं. काकांनी बोट फिरवून दाखवलं, बोटाला तांबडी भुकटी लागली. शंभर वर्षांचा कोळशाचा आणि गॅसच्या दिव्यांचा धूर, त्यातलं आम्ल कातड्यात मुरतं, आणि एक दिवस कातडं कातडं राहत नाही, कुंकू होतं.

मग सभा. मी चर्चची सभासद नाही, ख्रिस्तीही नाही, पण पट्टी धरणारी म्हणून मला मागच्या रांगेत बसू दिलं. दुरुस्तीचा अंदाज ऐकून सगळे गप्प झाले. छत गळत होतं. बाजूच्या हॉलमध्ये दर गुरुवारी गरजूंना शिधा वाटतात, त्याची रांग वर्षागणिक लांबत होती. एका सभासदानं इलेक्ट्रॉनिक ऑर्गनवाल्याला बोलावलं होतं. त्यानं दाखवलं ते यंत्र वाईट नव्हतं. खरं सांगायचं तर छानच वाजत होतं, कोणत्याही हवामानात सुरात, आणि किंमत दुरुस्तीच्या मानानं किरकोळ. हात वर करायचा हक्क मला असता तर तेव्हा मी कोणत्या बाजूनं केला असता, सांगता येत नाही. शिध्याच्या रांगेतली माणसं मला खिडकीतून रोज दिसतात.

फिरलं ते पैशानं नाही, हिशेबानं. कोणीतरी विचारलं, हे नवं यंत्र किती वर्षं चालेल? विकणारा माणूस प्रामाणिक होता, म्हणाला, वीस-पंचवीस. काका मागून म्हणाले, आत्ताच्यानं दीडशे काढली, आणि त्याला अजून फक्त कातडं हवंय. त्यानंतर भांडण खूप झालं, पण दिशा ठरली होती.

निर्णय घेणारे स्वतः एकदा दुसरे ऑर्गन बघून आले, त्यात मीही गेले. लाइमहाउसचं सेंट ॲन्स आमच्यापासून दूर नाही. हॉक्समूर या स्थपतीनं बांधलेलं चर्च, १७३० साली खुलं झालं, १८५० मध्ये आगीत आतून जळालं. तिथला ऑर्गन ग्रे अँड डेव्हिसन यांनी १८५१च्या महाप्रदर्शनासाठी केलेला, हाइड पार्कातल्या काचेच्या महालात तो वाजला. त्याच प्रदर्शनात, दोनच वर्षांपूर्वी लाहोरहून बळकावलेला कोहिनूर मांडलेला होता. लोकांनी रांगा लावून हिरा पाहिला आणि तो म्हणावा तसा चमकत नाही म्हणून कुरकुर केली. ऑर्गनबद्दल मी तरी तक्रार करणार नाही. इस्लिंग्टनच्या युनियन चॅपलमध्ये हेन्री विलिस यांचा १८७७चा ऑर्गन आहे, तो तर जाळीमागे दडलेला, दिसतच नाही. त्याचा भाता हलवायला नळाच्या पाण्याच्या दाबावर चालणारं यंत्र होतं आणि ते दुरुस्त करून पुन्हा चालू केलंय. हेच विलिस रॉयल अल्बर्ट हॉलचा १८७१चा अवाढव्य ऑर्गन करणारे. आमच्या ऑर्गनला असं मोठं नाव नाही. सभेत हाही मुद्दा निघाला होता.

परवानगीला सर्वांत जास्त वेळ गेला. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये ऑर्गनचं असं मोठं काम काढायचं तर ‘फॅकल्टी’ लागते. ही परवानगी महापालिका देत नाही. धर्मप्रांताचं स्वतःचं कोर्ट असतं, त्याला न्यायाधीश असतो आणि ऑर्गन जाणणारा सल्लागार येऊन पाहून जातो. सल्लागारांनी दिवसभर आत बसून एकेका पाइपावर कोरलेली अक्षरं वाचली. पाइप करणारा कारागीर प्रत्येकावर सुराचं नाव धातूतच ओरखडून ठेवतो. त्यावरून कळतं, कुठला मूळचा, कुठला नंतर घुसवलेला. कागद पुढे सरकत राहिले, आम्ही पैसे जमवत राहिलो. ‘पाइप दत्तक घ्या’ अशी योजना काढली : लहान तीस पौंड, मोठा पाचशे. माझी गाण्याची पट्टी काळी चार, म्हणून मी प्रिन्सिपलमधला मधल्या सप्तकातला जी शार्प घेतला. मंडळाच्या गणपतीत पेटीवर बसते तेव्हा हे सांगितलं, तर चार जणांनी आपापल्या पट्टीचे पाइप घेतले. एकानं पांढरी एक मागितली, पण मोठा नको म्हणाला.

पाइप उतरवायला चार दिवस लागले. ऑर्गन दुरुस्त करणाऱ्या मंडळींनी आम्हा सहा जणांना हातमोजे दिले आणि एकच गोष्ट दहा वेळा सांगितली : आडवा धरा, दोन्ही टोकांनी, तोंडाला हात नाही. शिसं-कथिलाचा पाइप दिसतो भक्कम, पण मऊ असतो, बाळाच्या टाळूसारखा. एका टोकानं उचलला तर स्वतःच्याच वजनानं मधे वाकतो. सोळा फुटी लाकडी पाइप तिघांनी धरून जिन्यातून उतरवला तेव्हा मला अंत्ययात्रा आठवली आणि मी ती आठवण लगेच झटकली.

मोठ्या पाइपांच्या पोटातून काय काय निघालं! गाण्यांची पुस्तकं नव्हेत, ती पायाच्या दांड्यांखाली होती, केसांचे आकडे, नाणी आणि एका कवळीच्या तुकड्यासकट. पाइपात प्लास्टरचे खडे होते, मूठमूठभर. ७ सप्टेंबर १९४०पासून लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडले, पूर्व लंडनवर सर्वांत जास्त. त्यात छताचं प्लास्टर ढासळलं असावं, असं काका म्हणाले. म्हणजे तेव्हापासून हा ऑर्गन घशात खडे घेऊन गात होता. बाजूच्या भिंतीला भात्याचा लाकडी दांडा अजून आहे. वीज येण्याआधी एक पोरगा तो वर-खाली करायचा, आणि त्याच्यासमोर दोरीला शिशाचा गोळा लोंबायचा. गोळा खुणेपलीकडे गेला की वारा संपत आलाय, जोर लाव. खुणेशेजारी पेन्सिलीनं रेघा मारलेल्या आहेत, पाच-पाचच्या जुड्या. प्रवचनं मोजत असावा.

भाता उघडला तो दिवस मी रजा काढून पाहिला. आतून सगळा कागदांनी मढवलेला. वारा झिरपू नये म्हणून फळ्यांवर कागद डकवतात, आणि कारखान्यात हाताशी असेल ती रद्दी वापरतात. आमच्या भात्यात कुणाच्या तरी हिशेबाच्या वहीची पानं होती, तिरक्या सुंदर अक्षरांत, पौंड-शिलिंग-पेन्स. मी ती मोबाइलवर बाबांना दाखवली. बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत, व्हिडिओ कॉलवर कपाळच जास्त दाखवतात. ते म्हणाले, “अगं, आपण पंचांगाची पानं लावतो. ते बरं, वाचायला तरी होतं.”

कातड्याचं काम दुरुस्ती करणाऱ्यांच्या कारखान्यात. मी एकदाच गेले, ट्रेननं दोन तास. दारातून आत पाऊल टाकलं आणि थांबले, कारण वास दुकानाचा होता. बाबांच्या दुकानाचा. सरस. जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला, पाण्यात भिजवून एका भांड्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात पातळ केलेला, उकळू द्यायचा नाही, नाहीतर जोर जातो. पांढरं मेंढीचं कातडं, कडा तासून तासून कागदाएवढ्या पातळ केलेल्या, म्हणजे जोड कळत नाही. मी विचारलं, इतके चांगले नवे गोंद आहेत, हे कशाला? काम करणारी मुलगी पंचविशीतली होती. ती म्हणाली, सरस वाफेनं सुटतो. पन्नास-साठ वर्षांनी कोणाला हे उघडायचं असेल तर फळी न फोडता उघडता यायला हवं. बाबांना हे सांगितलं तर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मी तर स्वस्त पडतो म्हणून वापरतो.”

धुलाई मात्र आम्हीच केली, चर्चच्या हॉलमध्ये, लांबट टबात, कोमट पाणी आणि सौम्य साबण. पाणी दर वेळी शाईसारखं काळं. लंडनचा धूर त्यात होता, डिसेंबर १९५२च्या त्या पाच दिवसांच्या धुरक्याचाही असणार. जिभेवाल्या पाइपांना पाणी लागू द्यायचं नाही, ते दुरुस्तीवाल्यांनीच नेले. माझा जी शार्प मी स्वतः धुतला आणि उगाचच दोनदा.

ठरलेल्या वेळेपेक्षा सात महिने उशिरा सगळं परत आलं. उशिराची कारणं सांगितली गेली, मला ती सगळी पटली नाहीत, पण ऑर्गन लावायला बसल्यावर भांडायला वेळ नव्हता. या वेळी दोन दिवसांत भागणार नव्हतं. एकेक पाइप आधी ‘बोलता’ करायचा, म्हणजे तो अडखळत नाही ना, शेजाऱ्याहून मोठ्यानं ओरडत नाही ना ते पाहायचं, आणि मग सुरात. शंकू असतात पितळेचे : टोकदार शंकू पाइपाच्या डोक्यात हलकेच ठोकला की तोंड फाकतं, सूर चढतो, पोकळ शंकू वरून बसवून ठोकला की तोंड आवळतं, सूर उतरतो. प्रत्येक ठोक्याचा मार खालच्या पायाला बसतो, म्हणून कमीत कमी ठोकायचं. अकरा दिवस मी पट्ट्या धरल्या, लॅपटॉप मांडीवर घेऊन, डाव्या हातानं टाइप करत. ऑफिसच्या एका मीटिंगमध्ये माइक चुकून चालू राहिला आणि सगळ्यांनी सव्वा मिनिट ओबोचा एफ ऐकला.

नवव्या दिवशी काकांनी मला आत बोलावलं आणि स्वतः बाकावर बसले. माझा जी शार्प. लाट येत होती, संथ. त्यांनी मला छोटा शंकू दिला होता. मी ठोकला, हलकाच, लाट वाढली. चुकीचा शंकू. पोकळ घेतला, ठोकला, लाट मंदावली. पुन्हा. मग मी हात मागे घेतला, श्वासही धरून ठेवला, कारण माझ्याच अंगाची ऊब. पाणी हलत होतं, हलत होतं, थांबलं.

“बास,” काका बाहेरून म्हणाले. “आता नाक चोळायलासुद्धा हात वर नेऊ नका.”

उद्घाटनाला बिशप आले, भाषणं झाली, केक झाला. सगळ्यांना आवडलं. मला सर्वांत आवडलं ते शेवटच्या ओळीला सूर न खचणं, पण ते बहुतेकांच्या लक्षात आलं नाही. नीट श्वास घेणाऱ्याकडे कोण बघतो?

जुलैत लंडन तापलं. चर्चमध्ये तीस अंश. रविवारी ट्रम्पेट बाकीच्यांच्या इतका खाली गेला की वादकानं तो स्टॉप ओढायचंच सोडलं. माझा पाइपही मला कणसूर वाटला. शेजारच्यांसकट तो वर गेलेला, पण पुरता बरोबर नाही. मी काकांना फोन केला, येऊन जरा बघाल का? ते म्हणाले, येणार नाही. आत्ता लावला तर ऑक्टोबरात बिघडेल. दारं उघडी ठेवा आणि वाट पाहा. हे मी बाबांना सांगितलं. त्यांना पटलं नाही. सूर उतरला की लावायचा, वाट कसली पाहायची? पितळेचा माणूस.

सप्टेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी मी किल्ली घेऊन गेले. आता माझ्याकडे किल्लीही आहे. प्रिन्सिपल ओढला, शेजारी आठ फुटी ओढला, काळी चार दाबली. सतरा अंश होतं. लाट नव्हती.

काल काकांचा मेसेज आला : ‘डिसेंबर, मंगळवार-बुधवार. हीटिंग सोमवारी सकाळी सहाला लावा, मंगळवारी नव्हे. ओढणी नको.’